गुळाची डबी घेऊन मांजरीपर्यंत

आमच्या आळीतली मंडळी हल्ली परदेशी जाऊन येतात. मुलं तिकडे कॉम्प्युटरवर असतात. मग आईवडील जाऊन सहा महिने नातवंडं सांभाळतात आणि परत आल्यावर वर्षभर त्याला प्रवास म्हणतात. मी आणि माझा मोठा भाऊ विमानात बसलो नाही. आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो आणि दर वेळी झोपायला घरी आलो. तरी त्या महिन्यात आम्ही जे मुलूख पाहिले ते कसबा पेठेतल्या फारशा कुणी पाहिलेले नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. जे गेले नाहीत त्यांनी जरूर जावं. पाण्याची बाटली मात्र स्वतःची न्यावी.

कसबा पेठ, निघण्यापूर्वी

दादाचं कसब्यात भांड्यांचं दुकान आहे. भांडी काय, कुणीही विकतं. दादाची ख्याती आहे ती भांड्यावर नाव घालण्याची. नाव घालायचं यंत्र गल्लीतल्या प्रत्येक दुकानात आहे, पण दादाचं अक्षर कुणाला जमलेलं नाही. त्याच्या वेलांटीला शेवटी एक लहानशी गाठ असते. त्या गाठीवरून तो स्वतःचं काम दहा वाट्यांमधून उचलून दाखवतो, न विचारता.

वहिनी गेल्यापासून मी दादाकडेच राहते. मी टेलिफोन खात्यात होते. लोकांच्या हातात मोबाइल आले, खात्याला आम्ही जड झालो, आणि मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्या पैशांतून स्कूटी घेतली. दादाच्या मते तो माझा पहिला अविचार.

दादाची एकुलती एक मुलगी ऋचा हिंजवडीला नोकरी करते. सकाळी कंपनीची बस तिला नेते आणि अंधार पडला की परत आणून सोडते. मधल्या वेळात ती काय करते हे तिनं आम्हाला बऱ्याचदा समजावून सांगितलं आहे. एका संध्याकाळी तिनं सांगितलं की तिला तिच्याच ऑफिसातल्या निखिलशी लग्न करायचं आहे. मुलगा मूळ नागपूरचा. वडील सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आता मांजरीला फ्लॅट घेऊन राहतात. घर बौद्ध. दादानं सगळं शांतपणे ऐकलं. आडनाव ऐकल्यावर चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तिकडचे लोक तिखट फार खातात."

आमच्या घरात मनातलं बोलायचं नसलं की जेवणावर बोलतात. लग्नाला दादानं नाही म्हटलं नाही. तो स्वतःला सुधारक समजतो आणि ती समजूत मोडेल असं काही तो बोलत नाही. पण ऋचाच्या लग्नासाठी त्यानं वर्षानुवर्षं निवडून ठेवलेली भांडी दुकानाच्या माळ्यावर होती, आणि तिनं दोनदा विचारूनही त्यांच्यावर नाव घालायला तो ती खाली काढेना. मग निखिलच्या आईवडिलांनी आम्हाला एका रविवारी जेवायला बोलावलं. दादा म्हणाला, "येऊ की. जेवूनच येऊ."

ऋचानं हातातला चमचा खाली ठेवला. "बाबा, ते जेवायलाच बोलावतायत."

"तिखट सोसत नाही मला."

"तुम्ही त्यांच्या घरी जेवला नाहीत, तर माझ्या लग्नात तुमचं पान मांडणार नाही. सांगून ठेवते."

ती आत निघून गेली. तिचा स्वभाव दादाचाच आहे. ती बोलली म्हणजे करणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रात्रभर विचार करून सकाळी मी दादाला म्हटलं, "प्रश्न तिखटाचाच आहे ना?"

"मग दुसरा कशाचा?"

"काही नाही. तिखटाचाच असेल तर सोपं आहे. सवय करू. रविवारला अजून महिना आहे. परमुलखातलं थोडं थोडं खात जाऊ, शेवटी नागपूरला पोचू."

दादानं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं. "चालेल," तो म्हणाला, आणि आत जाऊन पितळेची लहान डबी घेऊन आला. तिच्यात किसलेला गूळ होता. प्रवासाला निघताना लोक औषधं बरोबर घेतात तशी त्यानं ती सदऱ्याच्या खिशात घातली.

खडकी

सुरुवात सौम्य करावी म्हणून पहिला मुक्काम केरळ. खडकीत एक मल्याळी गृहस्थ दोन बाकांची खाणावळ चालवतात. दादा माझ्या मागे बसून आला, दोन्ही हातांनी कॅरियर धरून. प्रत्येक खड्ड्याला तो "हं" म्हणत होता, जणू तो खड्डा मीच खणला होता.

आमच्यापुढे आला तो पांढरा शुभ्र दंडगोल. तांदळाचं पीठ आणि खोबरं थरावर थर देऊन वाफवलेलं, शेजारी काळ्या हरभऱ्याची उसळ आणि एक केळं. याला पुट्टू म्हणतात. दादानं तो चारी बाजूंनी पाहिला. "मोदक करायला घेतले असतील," तो म्हणाला, "आणि मध्येच पाहुणे आले असतील."

मालक उसळ वाढायला आले तेव्हा दादानं ताटावर तळहात आडवा धरला. ही त्याची जुनी सवय. वाढणारा अजून चार पावलं लांब असतो, पळीत काय आहे ते दिसलेलंही नसतं, तोवर दादाचा हात ताटावर. आमच्याकडे तो सभ्यपणा समजतात. मालकांना ते ठाऊक नव्हतं. ते थबकले, माझ्याकडे बघून म्हणाले, "साहब को क्या हुआ?"

"काही नाही," मी म्हटलं, "वो ऐसेच है." त्यांनी हात अलगद बाजूला केला आणि उसळ वाढली.

खाण्यापेक्षा दादाचं लक्ष वेगळीकडेच होतं. ज्या भांड्यात हे वाफवतात ते त्यानं आत जाऊन पाहिलं. खाली पाण्याचा गडू, वर बसणारी उंच नळी. तो हात धुऊन आला नाही तोच मालकांशी धातूची जाडी आणि सांध्यांच्या झाळकामावर चर्चा सुरू. त्यांना मराठी येत नव्हतं, दादाला मल्याळम येत नव्हतं, आणि दोघांचं हिंदी सारखंच वाईट, त्यामुळे छान जमलं. निघताना दादा म्हणाला, "भांडं उत्तम आहे. पदार्थही वाईट नाही. गुळाशी बरा लागला." उसळीत त्यानं गूळ कधी टाकला हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

येरवडा

आम्ही येरवड्याला चाललो आहोत असं दादानं शेजारच्या काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी "किती दिवस?" एवढंच विचारलं.

येरवड्याला तुरुंगापासून बऱ्याच आत, नव्या इमारतींच्या मागच्या गल्लीत, मणिपूरच्या दोन बहिणी एका खोलीत जेवण विकतात. रात्रपाळीला कॉल सेंटरवर काम करणारी त्यांच्या बाजूची मुलं तिथे जेवतात. ऋचाच्या मैत्रिणीनं पत्ता दिला होता. मासे नको, मटण नको, असं सांगितल्यावर थोरली बहीण जरा विचारात पडली. मग तिनं बारीक चिरलेला कोबी आणि कच्ची पपई भाजलेल्या डाळीच्या पिठात कालवून आणली. वर हिरव्या मिरच्या, सढळ हातानं.

दादानं एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं घास गिळला. "कोशिंबीर आहे," तो मला म्हणाला. "फोडणी विसरलीय बिचारी."

तो डबीकडे हात नेणार एवढ्यात तिनं दुसरा वाडगा आणला. आत जांभळी, जवळजवळ काळी खीर. दादा दचकला. आमच्याकडे खिरीचा रंग ठरलेला आहे.

"रंग घातलाय का यात?" त्यानं विचारलं.

मी ते हिंदीत केलं. ती हसली, आत गेली आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. तांदूळच काळे. "अंकल, हमारा चावल ऐसा है," ती म्हणाली. "घर में शादी हो तो बनाते हैं."

दादानं तो तांदूळ तळहातावर घेऊन उजेडात पाहिला. मग खीर खाल्ली. मग आणखी खीर मागितली. ताटावर हात आडवा धरायचं त्या दिवशी तो विसरला होता, पण मी आठवण करून दिली नाही. येताना त्यानं खड्ड्यांना हं म्हटलं नाही. पुलावर मात्र मागून म्हणाला, "लग्नात काळी खीर. काय एकेक लोक."

मला वाटलं, जमत चाललंय. इथेच मी चुकले. गोड लागलं की दादाला कुठलाही मुलूख परका वाटत नाही.

मांजरी, पहिल्यांदा

आता खरी परीक्षा. हडपसर ओलांडून मांजरीकडे वळलं की एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊस तोडून उभ्या केलेल्या इमारती. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये भंडाऱ्याकडचं एक जोडपं खाणावळ चालवतं. कारखान्यातले कामगार, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेली मुलं, सगळे एकाच बाकावर. आम्ही पाटवडी रस्सा मागवला. बेसन शिजवून, थापून केलेल्या वड्या, त्यावर रस्सा, आणि रश्शावर बोटभर लाल तेल. त्या तेलाला तर्री म्हणतात. ती बघूनच मला घाम फुटला.

दादानं आधी ताट उचलून पाहिलं. "जड आहे. चांगलं आहे." मग पळी येताना दिसली आणि हात ताटावर गेला.

"काऊन हात ठेवून राहिले काका?" मालकीणबाई म्हणाल्या. "आधी वाढू तर द्या."

त्यांनी वाढलं. दादानं वडी मोडली, रश्शात बुडवली आणि तोंडात टाकली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कान लाल झाले. मग उचकी लागली. आजूबाजूची मुलं सभ्यपणे दुसरीकडे बघू लागली. मी पाणी पुढे केलं, तोवर दादानं खिशातून डबी काढली आणि सगळ्यांदेखत, सवयीनं, चिमूटभर गूळ रश्शात टाकून बोटानं ढवळला.

बाई तिथेच उभ्या होत्या. "हे काय टाकलं?"

"गूळ," दादा म्हणाला.

"माह्या रश्श्यात?"

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. तो आतून आला, ताटात बघितलं आणि परत गेला. रागावले असते तर बरं झालं असतं. बाई रडवेल्या झाल्या होत्या. "तिखट लागत होतं तं सांगाचं होतं ना, काका. दही दिलं असतं. सकाळपासून वाटण वाटून राहिली मी. त्यात गूळ कोणी टाकते का?"

आमच्या घरी आमटीत गूळ घालतात, भाजीत घालतात, मनासारखं झालं नाही तर पुन्हा घालतात. दुसऱ्याच्या हातच्या चवीत गूळ कालवणं हा अपमान होतो, हे दादाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला. ताटात शीत ठेवलं तर अख्ख्या घराला ऐकवणारा माझा भाऊ अर्ध्या ताटावरून उठला आणि स्कूटीपाशी जाऊन उभा राहिला.

"जमणार नाही मला," तो म्हणाला. "रविवारी तू एकटी जा."

मला राग आला. महिनाभर मी त्याची गंमत करत होते, आता गंमत वाटेना. "दादा, एकदा खरं सांग," मी म्हटलं. "तुला तिखट जमणार नाही, की ती माणसं?"

तो मागे बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी कॅरियर धरलं. रात्री जेवला नाही, आणि ऋचानं का म्हणून विचारलंही नाही. दोन खोल्यांत दोघं एकमेकांसारखीच बसली होती, आणि मला दोघांचंही फार वाईट वाटत होतं.

मांजरी, दुसऱ्यांदा

रविवारी सकाळी दादा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा होता. जेवला नव्हता. मी स्कूटी बाहेर काढली, तो मागे बसला. ऋचा पुढे निखिलबरोबर गेली होती.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून खाली ऊस दिसतो. दिवाणखान्यात बुद्धाची पांढरी मूर्ती, पुस्तकांची दोन कपाटं, आणि इतकी स्वच्छता की दादानं चप्पल काढून ती कुठे ठेवावी याचाही विचार केला. निखिलचे वडील कमी बोलणारे, सावकाश हसणारे. आई ठेंगण्या, चपळ, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणाऱ्या. चहापाणी झालं, हवापाणी झालं, मांजरीत टँकर किती येतात हे झालं. मग पानं घेतली.

टेबलावर साधं वरण, भात, लिंबाची फोड. अळूची पातळ भाजी. बटाट्याची पिवळी भाजी, वर खोबरं. मसालेभात. बासुंदी. लाल रंगाचा टिपूससुद्धा कुठे नव्हता. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. दादाचाही चेहरा उजळला, आणि त्यानं कौतुकानं वरणाचं भांडं जवळ ओढलं. सवयीनं ते जरा तिरकं करून त्याच्या काठाकडे पाहिलं.

काठावर नाव होतं. सदाशिव पेठेतल्या एका केटररचं. वेलांटीच्या शेवटी गाठ होती.

दादानं भाजीचं भांडं तिरकं केलं. मग भाताचं. सगळ्यांवर तेच नाव, त्याच्याच हातचं.

"ही भांडी तुमची नाहीत," तो म्हणाला.

निखिल खाली बघू लागला. ऋचाला काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. निखिलच्या वडिलांनी घसा खाकरला, पण बोलल्या त्या त्याच्या आई.

"नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "नागपूरला आमच्या शेजारी एक कुटुंब होतं. चांगली माणसं. कधी बोलावलं तर यायचे, बसायचे, पण चहासुद्धा घ्यायचे नाहीत. उपास आहे म्हणायचे. इतकी वर्षं शेजार होता हो आमचा, रोज कसा असते उपास? म्हटलं, मुलाच्या सासऱ्यांना उपास पडू नये. तुमच्याकडचाच केटरर सांगितला."

मला त्या खोलीतून नाहीसं व्हावंसं वाटलं. आपण महिनाभर तिखटाची तयारी करत फिरलो, आणि इथे या बाईनं आपलं खरं दुखणं न भेटताच ओळखून त्याच्यावर जेवण मागवून ठेवलं होतं. दादाचा चेहरा मी टाळत होते, पण पाहिल्याशिवाय राहवेना. तो मान खाली घालून त्या भांड्यावरच्या नावाकडे बघत होता. मग त्यानं भांडं बाजूला सरकवलं, आणि त्याच्या त्या ठेवणीतल्या, तुटक, पेठेतल्या आवाजात बोलला.

"अहो, हे आम्हाला रोज घरी मिळतं. हे खायला मांजरीपर्यंत कोण येतं?"

ऋचानं डोळे मिटून घेतले. मी घाबरले. या आवाजानं त्यानं आजवर बरीच गिऱ्हाइकं घालवली आहेत.

"तुमच्या स्वतःसाठी काय केलंय आज?" दादानं विचारलं.

निखिलच्या आईंनी दादाकडे सरळ पाहिलं. "पाटवडी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी खाऊ म्हटलं आम्ही. पण भाऊ, तिखट आहे ते. तुम्हाला सोसणार नाही."

"ते माझं मी बघतो. तुम्ही आणा."

त्या आत गेल्या आणि ॲल्युमिनियमची जुनी, बुडाला काळी पडलेली कढई तशीच घेऊन आल्या. रस्सा खाणावळीतल्यापेक्षा गडद होता. दादानं पहिला घास घेतला. कान लाल झाले. उचकी लागली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायच्या फंदात तो पडला नाही. निखिलनं पाणी पुढे केलं, ते त्यानं घेतलं. खिशाकडे हात गेला नाही. सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं आणि तो एकटा खाली मान घालून जेवत होता.

ताट रिकामं होत आलं तशा निखिलच्या आई पळी घेऊन पुढे आल्या. त्या पोचायच्या आत दादाचा हात उठला आणि ताटावर आडवा पडला.

त्या जागच्या जागी थांबल्या. पळी मागे घेतली. "असू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आग्रह नाही करत मी."

दादानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हा कुणाचा हात इथे आला, असं त्याच्या तोंडावर होतं. मग त्यानं तो उचलला आणि मांडीवर ठेवला.

"वाढा," तो म्हणाला.

त्यांनी वाढलं. ऋचा उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ ऊस बघत उभी राहिली. निखिलचे वडील एकदम मोकळे होऊन नागपुरातल्या भांड्यांच्या बाजाराबद्दल बोलायला लागले, आणि दादा उचक्यांच्या मधून मधून त्यांच्या चुका दुरुस्त करू लागला. केटररची बासुंदी कुणाच्या लक्षातच राहिली नाही.

परत कसब्यात

परदेशाहून आलेल्या माणसाला घरचं पाणी बाधतं म्हणतात. दादाला परदेश बाधला. पुढचे दोन दिवस तो अंथरुणाला खिळून होता. मी ताकभात देत होते, ऋचा रजा घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. गुळाची डबी मला स्कूटीच्या डिकीत सापडली. निघतानाच त्यानं ती तिथे टाकली असणार.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, शिडी लावून माळ्यावरची भांडी खाली काढली आणि यंत्र घेऊन बसला. दुपारी मी डबा द्यायला गेले तेव्हा ताटांची थप्पी झाली होती. ऋचाचं नाव, निखिलचं नाव, खाली आडनाव. अक्षर न अक्षर ठसठशीत, वेलांटीला गाठ.

तेवढ्यात तो सदाशिव पेठेतला केटरर नवी पातेली घेऊन आला. "नाव घालायचंय," तो म्हणाला.

"ठेवा. घालून देतो," दादा मान वर न करता म्हणाला. "पण मांजरीला पाठवलेल्या तुमच्या श्रीखंडाकडे जरा लक्ष द्या. दोन दिवस आडवा होतो मी."

केटरर गोंधळला. "अहो, पण मांजरीला श्रीखंड नव्हतंच. बासुंदी होती. आणि ती तर जशीच्या तशी परत आली."

"तीच ती," दादा म्हणाला, आणि त्यानं पुढचं ताट ओढलं.